नागपुरातले नाबाद २३२

आमच्या अकोल्याच्या मित्रमंडळीत क्रिकेटच्या गप्पा रंगल्या, की तासाभराने कुणीतरी हमखास एक सुस्कारा सोडतो आणि म्हणतो, "राजेहो, झिम्बाब्वेची टीम काय होती!" नवख्या माणसाला वाटावं, यांची काहीतरी गफलत होते आहे. वेस्ट इंडीज म्हणायचं असेल, ऑस्ट्रेलिया म्हणायचं असेल. पण नाही. म्हणणारा झिम्बाब्वेच म्हणत असतो, आणि बाकीचे माना डोलावतात. मग कुणी अॅण्डी फ्लॉवरचा रिव्हर्स स्वीप काढतो, कुणी हीथ स्ट्रीकचं नाव घेतो, कुणी हेन्री ओलोंगाच्या केसांच्या बटांची आठवण सांगतो. अमरावतीच्या राजकमल चौकात उभं राहून चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, त्या संघातली सहा-सात नावं तो एका दमात सांगेल. आजच्या झिम्बाब्वे संघातली किती सांगता येतील, हे विचारू नका.

साधारण १९९२ ते २००३ हा तो काळ. हा संघ आपल्याला इतका का आठवतो, याचा विचार करताना मला एक गोष्ट अडचणीत टाकते. तो काळ चालू होता तेव्हा आपण या संघावर असं प्रेम करत होतो का? माझ्या आठवणीप्रमाणे, फारसं नाही. पण ते पुढे येईलच.

या संघाची आणि आपली ओळख तशी जुनी. १९८३च्या विश्वचषकात झिम्बाब्वेने पहिल्याच सामन्यात नॉटिंगहॅमला ऑस्ट्रेलियाला १३ धावांनी हरवलं होतं. कर्णधार डंकन फ्लेचरने नाबाद ६९ धावा केल्या आणि चार गडीही टिपले. हेच फ्लेचर पुढे २०११ ते २०१५ भारताचे प्रशिक्षक होते. त्याच स्पर्धेत टनब्रिज वेल्सला आपली अवस्था ५ बाद १७ अशी करून ठेवली ती याच मंडळींनी. कपिलदेवच्या नाबाद १७५ धावा सगळ्यांना पाठ आहेत. त्या दिवशी समोर कोण होतं आणि आपण जिंकलो ते फक्त ३१ धावांनी, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. १९८७च्या विश्वचषकात हैदराबादला डेव्ह हॉटनने न्यूझीलंडविरुद्ध १४२ धावा ठोकल्या आणि झिम्बाब्वे तीन धावांनी हरलं. थोडक्यात हुकणं ही या संघाची जुनी खोड होती.

१९९२ साली दोन गोष्टी घडल्या. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातल्या ऑलबरी या गावी झिम्बाब्वेने सगळे मिळून १३४ धावा केल्या आणि तेवढ्यावर इंग्लंडला १२५मध्ये गुंडाळलं. एडो ब्रॅण्डिसने डावाच्या पहिल्याच चेंडूवर ग्रॅहम गूचला पायचीत केलं. ग्रॅम हिक हा झिम्बाब्वेतच जन्मलेला, ब्रॅण्डिसचा जुना मित्र. त्याचा त्रिफळा शून्यावर उडाला. हा ब्रॅण्डिस कोंबड्या पाळायचा. स्ट्रीकचं घराणं बुलावायोकडे गुरं राखणारं. सकाळी खुराड्यात दाणे टाकून दुपारी नवा चेंडू हातात घेणारा गोलंदाज म्हटल्यावर वऱ्हाडातल्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही तरच नवल! आपल्याकडेही पेरणी उरकून, बैल सोडून मॅटवर खेळायला येणारे खेळाडू तालुक्या-तालुक्यात होते.

दुसरी गोष्ट ऑक्टोबरमधली. झिम्बाब्वेला कसोटीचा दर्जा मिळाला होता आणि पहिला सामना हरारेला भारताविरुद्ध झाला. आपल्या लोकांनी गृहीत धरलं होतं, तीन दिवसांत संपेल. झिम्बाब्वेने ४५६ धावा केल्या, हॉटनने त्यांचं पहिलं कसोटी शतक झळकावलं. ४५ वर्षांच्या जॉन ट्रायकोसने पाच गडी बाद केले. हा ट्रायकोस १९७०मध्ये दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी खेळलेला, बावीस वर्षांनी पुन्हा मैदानात उतरलेला. सचिन जन्मण्याच्या तीन वर्षं आधी पहिली कसोटी खेळलेल्या या गृहस्थाने सचिनचा आपल्याच गोलंदाजीवर झेल घेतला, तोही शून्यावर. संजय मांजरेकर खेळपट्टीवर ठाण मांडून बसला म्हणून आपण वाचलो. सामना अनिर्णित राहिला. ऑस्ट्रेलियाने १८७७मध्ये पहिली कसोटी जिंकली होती. त्यानंतर आपल्या पहिल्याच कसोटीत न हरणारा देश म्हणजे झिम्बाब्वे. पण आमच्या कट्ट्यावर चर्चा काय होती? आपलेच लोक किती रटाळ खेळले!

नंतरच्या वर्षांत हा संघ कुणालाच सुखाने जेवू देईना. १९९३मध्ये इंदूरला त्यांनी आपल्याशी २४८-२४८ अशी बरोबरी केली, १९९७मध्ये पार्लला २३६-२३६ अशी. १९९५मध्ये हरारेला पाकिस्तानला डावाने हरवलं. तो त्यांचा पहिला कसोटी विजय. ग्रँट फ्लॉवर नाबाद २०१, थोरला भाऊ अॅण्डी १५६. १९९६ साली डिसेंबरात बुलावायोला इंग्लंडविरुद्धची कसोटी धावसंख्या समसमान असताना अनिर्णित संपली. कसोटीच्या इतिहासात असं प्रथमच घडलं. १९९८च्या ऑक्टोबरात हरारेला आपल्याला ६१ धावांनी धूळ चारली आणि वर्ष संपायच्या आत पाकिस्तानात जाऊन कसोटी मालिका जिंकून आले.

आणि मग १९ मे १९९९. लेस्टर. हा दिवस मी विसरणार नाही, आणि ज्यांनी पाहिला तेही विसरणार नाहीत. आदल्याच दिवशी प्रा. रमेश तेंडुलकर गेल्याची बातमी आली होती आणि सचिन इंग्लंडहून मुंबईला परतला होता. घराघरांत आधीच सुतकी वातावरण. अकोल्याचा मे महिना, कूलरसुद्धा गरम वारा फेकतोय. दोन षटकांत नऊ धावा हव्यात, तीन गडी हातात आहेत. ओलोंगाच्या हाती चेंडू. त्याच षटकात रॉबिन सिंग गेला, श्रीनाथ गेला, प्रसाद गेला. तीन धावांनी हरलो. त्या रात्री आमच्या गल्लीत ओलोंगाला ज्या वऱ्हाडी शिव्या पडल्या, त्या आकाशवाणीवरून सांगता येणार नाहीत. आज तीच माणसं 'आपला ओलोंगा' म्हणतात! माणसाची आठवण मोठी सोयीस्कर असते. जे तेव्हा सोसवलं नाही, तेच ती पुढे जपून ठेवते.

म्हणून म्हणतो, तेव्हा आपण त्यांच्यावर प्रेम करत नव्हतो. आपण त्यांना हसत होतो किंवा शिव्या घालत होतो. 'झिम्बाब्वेसमोर काय, कुणीही शतक मारतं' हे हसणं, आणि लेस्टरसारख्या रात्री त्या शिव्या. निदान माझ्यापुरता याला एकच अपवाद आहे, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला आहे.

२००० सालच्या नोव्हेंबरात नागपूरला भारत-झिम्बाब्वे कसोटी होती. जामठ्याचं स्टेडियम तेव्हा नव्हतं. सामने सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट संघटनेच्या जुन्या मैदानावर व्हायचे. दिल्लीची पहिली कसोटी आपण सात गडी राखून जिंकली होती, पण तिथे अॅण्डी फ्लॉवरने नाबाद १८३ आणि ७० धावा करून आपल्या गोलंदाजांना घाम फोडला होता. नागपूरची कसोटी शनिवारी, २५ तारखेला सुरू झाली. शिवसुंदर दासने ११०, द्रविडने १६२ आणि सचिनने नाबाद २०१ धावा केल्या. सहा बाद ६०९वर डाव घोषित झाला. झिम्बाब्वे ३८२वर बाद झालं. त्यात ग्रँट फ्लॉवर नाबाद १०६. फॉलोऑन मिळाला. २२७ धावांची पिछाडी.

आम्ही तिघे शेवटच्या दिवशी गेलो, बुधवारी. दोघं अकोल्याचे, तिसरा बडनेऱ्याला चढला. गाडीत थंडी चांगली होती, शिदोरीत भाकरी आणि ठेचा. खिडकीबाहेर कापसाची वेचणी चाललेली. आमचा हेतू अगदी साधा. सचिनचं द्विशतक तर हुकलं, निदान भारत जिंकताना पाहू. दुपारपर्यंत खेळ आटोपेल, मग सीताबर्डीत हिंडू, संध्याकाळच्या गाडीने परत. मैदानात पोहोचलो तर गर्दी विरळ. शाळेची पोरं, निवृत्त मंडळी आणि आमच्यासारखे रजा टाकून आलेले.

आणि समोर तो डावखुरा बुटका माणूस खेळत होता. यष्टिरक्षक तोच. म्हणजे आपल्या ६०९ धावा होईपर्यंत दोन दिवस तो यष्टींमागे उठबशा काढत होता. मग पहिल्या डावात ५५ धावा, आणि आता पुन्हा उभा. फिरकी गोलंदाज भोवती चार-पाच क्षेत्ररक्षक लावून चेंडू टाकायचे आणि हा गुडघा टेकून बॅट उलटी फिरवायचा. चेंडू थर्डमॅनकडे. पुन्हा तिकडे माणूस लावला, की सरळ स्वीप. घाई नाही, हावभाव नाहीत. खेड्यातला सुतार मापं घेत घेत चौकट बसवतो ना, तसं त्याचं काम चाललं होतं.

सकाळी आमच्या मागच्या रांगेतली पोरं ओरडत होती, "घरी जाय ना बे आता!" अॅलिस्टर कॅम्पबेलचं शतक झालं तेव्हा थोड्या टाळ्या पडल्या. जेवणानंतर ओरडा कमी झाला. आमच्या शेजारी धोतर नेसलेले एक म्हातारे बाबा बसले होते, काटोलकडचे असावेत. ते एकदाच बोलले, "हा माणूस हारायले आला नाही." त्यानंतर आम्हीही भारताच्या विजयाची वाट पाहणं सोडून दिलं. सीताबर्डी राहून गेली. फ्लॉवरच्या २०० धावा झाल्या तेव्हा मैदानात जेवढे होते तेवढे उभे राहिले, ती ओरडणारी पोरंही. सामना संपला तेव्हा झिम्बाब्वे ६ बाद ५०३, फ्लॉवर नाबाद २३२. सुमारे नऊ तासांची खेळी. कसोटीत यष्टिरक्षकाने केलेली ही सर्वोच्च धावसंख्या आहे, आजही. दोन सामन्यांच्या त्या मालिकेत त्याने ५४० धावा केल्या, सरासरी २७०. पुढच्या वर्षी तो जगातला पहिल्या क्रमांकाचा कसोटी फलंदाज ठरला.

परतीच्या गाडीत आम्ही फार बोललो नाही. बडनेऱ्याला उतरताना तिसरा मित्र म्हणाला, "आपली विदर्भाची टीम एकदा तरी अशी खेळली पाहिजे." मला वाटतं, त्या टाळ्यांमागचं कारण हे होतं. विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८पासून रणजी करंडक खेळत होता. बाद फेरी म्हणजे दुसऱ्यांच्या घरचं लग्न, अशी आपली अवस्था. मुंबई, कर्नाटकच्या मंडळींना आपल्याशी सामना म्हणजे गुणांची बेगमी. विदर्भाचा खेळाडू भारताकडून कसोटी खेळतो, हे पाहायला उमेश यादवची वाट बघावी लागली, आणि ते साल उजाडलं २०११. तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नसणं म्हणजे काय, हे सिव्हिल लाइन्सच्या त्या बाकड्यांवर बसलेल्यांना निराळं समजावून सांगायची गरज नव्हती.

तरीही हिशोब प्रामाणिक असावा. २००५पर्यंत झिम्बाब्वेने ८३ कसोटी खेळल्या, जिंकल्या आठ. त्यातल्या चार बांगलादेशाविरुद्ध, दोन पाकिस्तानविरुद्ध, दोन आपल्याविरुद्ध. ज्याला आपण सुवर्णकाळ म्हणून उसासे टाकतो, त्यातले बहुतेक दिवस पराभवाचे होते. २००२च्या फेब्रुवारीत हाच संघ पुन्हा नागपूरला आला आणि डावाने हरला. अनिल कुंबळेने नऊ गडी बाद केले. त्या कसोटीची आठवण कुणी काढत नाही. आठवण निघते ती पंधरवड्यानंतरच्या फरिदाबादच्या एकदिवसीय सामन्याची. डग्लस मॅरिलिअरने चेंडू खांद्यावरून मागे उचलत २४ चेंडूंत नाबाद ५६ धावा केल्या आणि शेवटच्या जोडीने आपल्या २७४ धावा ओलांडल्या. आज ज्याला सगळे स्कूप म्हणतात त्याचंच ते भावंडं, आणि तेव्हा आम्हाला तो निव्वळ आचरटपणा वाटला होता.

मग हा संघ गेला कुठे? त्याची मोडतोड मैदानाबाहेर झाली. इथे मात्र आपल्या उसाशांना थोडं थांबवलं पाहिजे, कारण गोष्ट सरळ नाही. ज्या संघाची आपण आठवण काढतो तो जवळपास सगळा गोऱ्यांचा होता. एक कोटीहून जास्त लोकांच्या देशात गोरे मूठभर. सुमारे साडेचार हजार गोऱ्या शेतकऱ्यांकडे देशातली उत्तमातली उत्तम जमीन, आणि ज्यांच्या आजा-पणज्यांकडून ती इंग्रजी राजवटीत घेतली गेली ते रेताड मुलखात. कूळकायदा पाहिलेल्या आपल्या मुलखाला जमिनीचा प्रश्न काय असतो ते सांगायला नको. चांगली मैदानं, चांगल्या शाळा, त्यातून येणारे खेळाडू, हे सगळं त्याच जमिनीवर उभं होतं. १९९५मध्ये ओलोंगा आला तेव्हा झिम्बाब्वेकडून खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्रिकेटपटू होता, देश स्वतंत्र होऊन पंधरा वर्षं झाल्यावर.

पण दार उघडत होतं. म्पुमेलेलो म्बांग्वा आला, ततेंदा तायबू आला. २००१च्या जुलैत हॅमिल्टन मसाकाद्झाने वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत ११९ धावा केल्या, वय पुरतं अठराही नव्हतं. खेळ साऱ्या देशाचा होऊ लागला होता, आणि नेमक्या त्याच वेळी घराला आग लागली. २०००पासून मुगाबे सरकारच्या आशीर्वादाने शेतांवर जमाव घुसू लागले. अन्याय जुना होता हे खरं, पण दुरुस्तीच्या नावाखाली जे झालं त्यात शेतमजुरांचे संसारही उधळले, विरोधकांवर लाठ्या पडल्या आणि धान्याने भरलेला देश उपाशी राहू लागला.

१० फेब्रुवारी २००३ला हरारेत विश्वचषकातला झिम्बाब्वेचा पहिला सामना होता, नामिबियाविरुद्ध. अॅण्डी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा दंडावर काळी पट्टी बांधून आले. आपल्या देशात लोकशाही मेली आहे, तिचं हे सुतक आहे, असं त्यांनी लेखी निवेदन काढलं. एक गोरा, एक काळा. संघातला सर्वांत मोठा फलंदाज आणि देशाचा पहिला काळा खेळाडू. दोघांनाही ठाऊक होतं की यानंतर घरी राहता येणार नाही. झालंही तसंच. दोघांना देश सोडावा लागला. लेस्टरच्या रात्री आम्ही ज्याला शिव्या मोजल्या तो हाच ओलोंगा. क्रिकेटपटूंच्या धैर्याच्या गोष्टी आपण बाउन्सरपुरत्या सांगतो. ही गोष्ट मला त्याहून मोठी वाटते.

पुढचं झटपट झालं. २००४च्या एप्रिलमध्ये स्ट्रीकचं कर्णधारपद गेलं आणि पंधरा गोरे खेळाडू बंड करून बाहेर पडले. उरलेल्या पोरांना घेऊन तायबू कर्णधार झाला, एकविसावं वर्षही पुरं न झालेला. त्याच महिन्यात श्रीलंकेविरुद्धच्या एका एकदिवसीय सामन्यात झिम्बाब्वेचा डाव ३५ धावांत आटोपला. वर्ष-दीड वर्षात तायबूलाही धमक्या आल्या आणि तोही निघून गेला. २००६च्या जानेवारीत त्यांनी कसोटी खेळणंच थांबवलं, ते २०११च्या ऑगस्टपर्यंत. स्ट्रीकची कहाणी तर आणखी क्लेशदायक. २०२१मध्ये भ्रष्टाचारविरोधी नियम मोडल्याबद्दल त्याच्यावर आठ वर्षांची बंदी आली आणि २०२३च्या सप्टेंबरात, पन्नाशीही न गाठता तो गेला. २१६ कसोटी बळी घेणाऱ्या त्या भल्या खेळाडूची आठवण काढताना आमचे मित्र बंदीचा विषय टाळतात. मीही एरवी टाळतो.

अधूनमधून जुनी ठिणगी दिसते. २०२२मध्ये पर्थला पाकिस्तानला एका धावेने हरवलं, २०२४च्या जुलैत हरारेला आपल्यालाच १०२मध्ये बाद केलं. पण २०१९ आणि २०२३च्या एकदिवसीय विश्वचषकांत हा संघ नव्हता. २०१६च्या मार्चमध्ये मी जामठ्याला गेलो होतो तेव्हा मुख्य फेरीत जाण्यासाठी झिम्बाब्वेला अफगाणिस्तानला हरवायचं होतं. ५९ धावांनी हरले. पंधरा दिवसांनी त्याच मैदानावर अफगाणिस्तानने वेस्ट इंडीजला हरवलं आणि स्टेडियममधली तरुण पोरं त्यांच्यासाठी नाचली. त्यांच्या गप्पांत पुढे तीच नावं निघतील.

विदर्भाचंही नशीब पालटलं. २०१८च्या पहिल्या दिवशी इंदूरला दिल्लीला हरवून रणजी करंडक आला, पुढच्या वर्षी तो राखला, २०२४-२५मध्ये पुन्हा आणला. बडनेऱ्याला उतरलेल्या मित्राने पहिल्या विजयाच्या रात्री फोन केला, तेव्हा आधी सिव्हिल लाइन्सच्या त्या बुधवाराबद्दल बोलला.

अॅण्डी फ्लॉवरचं आणि आपल्या मुलखाचं नातं मात्र तुटलेलं दिसत नाही. २०१२च्या डिसेंबरात जामठ्याची कसोटी अनिर्णित ठेवून इंग्लंडने भारतात मालिका जिंकली तेव्हा त्यांचा प्रशिक्षक हाच होता. नागपूरकरांना त्याने दुसऱ्यांदा ताटकळत ठेवलं. आणि २०२५मध्ये बंगळुरूच्या संघाने पहिल्यांदा आयपीएल जिंकली, तेव्हाही प्रशिक्षक तोच. त्या संघाचा यष्टिरक्षक अमरावतीचा जितेश शर्मा. लखनौविरुद्ध त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या, तो सामना आमच्या मंडळीने एकत्र बसून पाहिला. जितेशने एक चेंडू उलट्या बाजूला ढकलला, कॅमेरा बाकावरच्या फ्लॉवरकडे वळला. टोपीखाली केस पिकलेले, चेहरा तसाच, हावभाव नाहीत. आमच्यातला एक जण टीव्हीकडे बोट दाखवून आपल्या नातवाला म्हणाला, "ह्या माणसाले मी नागपूरले पाह्यलं हाय, दिवसभर." नातवाने विचारलं, "कोण जिंकलं होतं?"